चुंबकी कुलूप: निवड, बसवणी आणि देखभाल

चुंबकी कुलपाचे भाग दोनच. दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला बसणारा विद्युतचुंबक हा एक आणि झडपेला बसणारी पोलादी पट्टी, म्हणजे आर्मेचर प्लेट, हा दुसरा. चुंबकाच्या वेटोळ्यातून १२ किंवा २४ व्होल्टचा डीसी प्रवाह वाहू लागला की पट्टी चिकटते आणि दार बंद होते. प्रवाह तुटला की दार त्याच क्षणी सुटते. आत खिट्टी नाही, लिव्हर नाही. हलणारा भागच नसल्यामुळे हे कुलूप दिवसात शेकडो वेळा उघडझाप सोसते आणि वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच गृहनिर्माण संस्थांची लॉबी, दवाखाने, छोटी कार्यालये, पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिका अशा सततच्या वर्दळीच्या ठिकाणी फिटर मंडळींच्या तोंडी पहिले नाव 'ईएम लॉक'चेच असते.

या कुलपाचा जन्मच सुटकेच्या गरजेतून झाला. कॅनडातील माँट्रिअल फोरम या क्रीडागृहाची दारे आगीच्या वेळी सुरक्षितपणे उघडावीत, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची मागणी होती. सभागृहांची दारे उघडी धरून ठेवायला तेव्हा छोटे विद्युतचुंबक वापरले जात. सम्नर 'अर्व्हिंग' सॅफर्स्टीन यांनी १९६९ मध्ये त्याच तत्त्वावर दार बंद धरणारे कुलूप तयार केले. वीज गेली की उघडणे हा या कुलपाचा दोष नसून त्याचा मूळ हेतू आहे. निवड आणि बसवणीचे बहुतेक सगळे निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन ठरतात.

त्यामुळे पहिला प्रश्न किमतीचा नाही, दाराचा आहे. वीज गेल्यावर दार उघडे राहिले तर चालेल का? जिथे माणसांची ये-जा आहे आणि आत-बाहेर कोणी ना कोणी असते, तिथे चालते. सोन्याचांदीचे दुकान, औषधांचे गोदाम, महत्त्वाची कागदपत्रे असलेली खोली किंवा दिवसचे दिवस बंद राहणारे घर इथे चालत नाही. अशा ठिकाणी वीज नसताना बंदच राहणारे इलेक्ट्रिक स्ट्राइक किंवा मोटरवर चालणारे कुलूप घ्यावे. मात्र आतल्या माणसाला नुसती मूठ फिरवून बाहेर पडता आले पाहिजे. चुंबकी कुलूप घेतलेल्या दुकानालाही रात्रीसाठी शटर किंवा साधे कुलूप लागतेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कोकणात अनेक गावांची वीज दिवसेंदिवस आली नव्हती. कुलूप धरून ठेवायला इतके दिवस कोणतीही बॅटरी पुरत नाही.

चुंबकी कुलूप योग्य ठरले की ताकद पाहावी. बाजारात ती किलो किंवा पौंडात सांगतात. ६० किलोची छोटी कुलपे कपाटांसाठी असतात, १८० किलोची हलक्या आतल्या दारांसाठी. ६०० पौंडांचे म्हणजे सुमारे २८० किलोचे कुलूप बहुतेक दारांना पुरते, तर १२०० पौंडांचे म्हणजे सुमारे ५४५ किलोचे बाहेरच्या जड दारांसाठी असते. हे आकडे दार सरळ ओढले, पट्टी पूर्ण टेकलेली असली आणि व्होल्टेज पूर्ण मिळाले तरचे. प्रत्यक्षात कुलूप वरच्या कोपऱ्यात असते आणि माणूस दार ओढतो मध्यावर, मुठीपाशी. हलके ॲल्युमिनियमचे दार अशा वेळी खालून वाकते आणि जोरदार हिसक्याने १८० किलोचे कुलूप सुटूही शकते. तरीही सरसकट १२०० पौंडांचे कुलूप घेण्यात अर्थ नाही. झडप लेचीपेची असेल तर कुलूप टिकेल आणि दार मोडेल. संस्थेच्या लॉबीला किंवा दवाखान्याच्या दाराला २८० किलोचे कुलूप नीट बसवले तर ते वाकड्या बसवलेल्या ५४५ किलोच्या कुलपापेक्षा भक्कम पकडते.

सोबतचे ब्रॅकेट कोणते, हे दार कोणत्या बाजूला उघडते त्यावर ठरते. कुलूप नेहमी आतल्या बाजूला बसते. दार बाहेर उघडत असेल तर चुंबक थेट चौकटीच्या वरच्या पट्टीखाली येतो. चौकटीची ही पट्टी अरुंद असेल तर एल ब्रॅकेट लागते. दार आत उघडत असेल तर झेडएल ब्रॅकेट लागते. त्यातला झेड झडपेवर बसून आर्मेचर प्लेट धरतो आणि एल चौकटीवर बसून चुंबक धरतो. बिनचौकटीच्या काचेच्या दाराला यू ब्रॅकेट लागते. ते १० किंवा १२ मिलिमीटरच्या काचेला चिमट्यासारखे पकडते आणि भोक पाडावे लागत नाही. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडताच येत नाही, तसा प्रयत्न केला की अख्खी काच चुरा होऊन खाली येते. आगरोधक दाराला दार बनवणाऱ्याच्या परवानगीशिवाय भोक पाडू नये, नाहीतर त्या दाराचे प्रमाणपत्र निरर्थक ठरते.

खर्च वाचवायचा तो कुठे, हे इथेच ठरवावे. ६०० पौंडांचे कुलूप साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळते आणि पूर्ण संचात त्याचा वाटा लहानच असतो. वीजपुरवठ्याचा बॉक्स, बॅटरी, कार्ड वाचणारे यंत्र, डोअर क्लोजर, वायर आणि मजुरी धरून एका दाराचा हिशेब दहा-पंधरा हजारांवर जातो. रंगीत पडदा, मोबाइल ॲप, गरजेपेक्षा जास्त ताकद यांवर काट मारता येते. वायरचे तांबे, बॅटरी, क्लोजर आणि आपत्कालीन बटण यांवर मारू नये. स्वस्तातल्या कोटेशनमधून नेमक्या याच गोष्टी गळलेल्या असतात, म्हणून कोटेशन हाती आले की आधी त्या शोधाव्यात.

ओळख पटवण्यासाठी बोटाचे ठसे, पिन आणि कार्ड हे नेहमीचे मार्ग. ठशांचे यंत्र आधुनिक वाटते, पण धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या, गवंडीकाम करणाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रोज सकाळी दारात ताटकळत तीच माणसे उभी राहतात. संस्थेसाठी कार्डच बरे. हरवले तर रद्द करून दुसरे देता येते. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डे सर्वांत स्वस्त, पण त्यांची नक्कल किल्लीवाल्याकडच्या यंत्रावरही निघते. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांतही जुन्या 'मायफेअर क्लासिक'ची सुरक्षा २००८ सालीच संशोधकांनी फोडून दाखवली. 'डेसफायर' प्रकारची कार्डे महाग पण पक्की. लॉबीला साधे कार्ड चालेल, पैशांचे किंवा नोंदींचे काम असलेल्या कार्यालयाला नाही.

त्याहून मोठी चूक यंत्राच्या जागेची असते. स्वस्त संचात वाचक, नियंत्रक आणि कुलूप चालवणारा रिले हे तिन्ही एकाच डब्यात असतात आणि तो डबा दाराबाहेर भिंतीवर लागतो. मग कुलपाला जाणारी वायर डब्यामागे, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या हाताशी येते. चार स्क्रू काढून एक वायर कापली की कार्ड नसतानाही दार उघडले. शक्य असेल तर बाहेर फक्त वाचक ठेवावा आणि नियंत्रक आत, छताजवळ बसवावा. एकच डबा घ्यायचा झाला तर रिले वेगळ्या छोट्या खोक्यात आत ठेवता येईल असे यंत्र निवडावे.

आता वीज. २८० किलोचे कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे ६ वॉट. दिवसरात्र चालू राहिले तरी महिन्याला चार-साडेचार युनिटच होतात. कुलूप हाताला कोमट लागते, ते स्वाभाविक आहे. चटका बसत असेल तर व्होल्टेज चुकले असे समजावे. बऱ्याच कुलपांत १२ आणि २४ व्होल्टची निवड जंपरने करतात. १२ वर ठेवलेल्या कुलपाला २४ व्होल्ट दिले तर वेटोळे जळते, म्हणून वायर जोडण्याआधी झाकण उघडून जंपर पाहावा.

पुरवठ्यासाठी ॲक्सेस कंट्रोलचाच बॅटरी-चार्जर असलेला १२ व्होल्ट, ३ ते ५ अँपिअरचा बॉक्स घ्यावा. कॅमेऱ्यांच्या एसएमपीएसवर, म्हणजे त्यांच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, कुलूप जोडण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यात बॅटरीची सोय नसते आणि कुलूप सुटताना उठणारा झटका कॅमेऱ्यांपर्यंत जातो. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद शिशाची. कुलपाचा अर्धा आणि यंत्राचा पाव असे पाऊण अँपिअर धरले तर कागदावर नऊ तास येतात, पण नव्या बॅटरीकडूनही सात-आठ तासच धरावेत. दोन वर्षांनी त्यातलेही बरेच कमी होतात. जिथे भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात झाड पडून फीडर तासन्‌तास बंद राहतो, तिथे १२ किंवा १८ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. मात्र बॉक्सचा चार्जर ती वेळेत भरू शकतो का, हे आधी विचारावे.

वायरकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते आणि कुलूप ढिले पडण्याचे कारण बहुधा तिथेच असते. बॉक्सपासून कुलूप ३० मीटर दूर असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन ६० मीटर तांबे कापावे लागते. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्यासाठी साधारण अर्धा व्होल्ट खर्च होतो. तेच काम नेटवर्कच्या कॅट-६ केबलमधल्या एका जोडीवर टाकले तर दोन व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात आणि कुलपापाशी जेमतेम दहा पोचतात. चुंबकाचा जोर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे एवढ्याने पकड जवळपास एक तृतीयांशाने घटू शकते. २८० किलोचे कुलूप घेऊन १८०-१९० किलोचे वापरण्यासारखे हे झाले. एक चौरस मिलिमीटरची वायर टाकावी किंवा बॉक्सच दाराजवळ आणावा. कुलूप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजायला फिटरला सांगावे. बॉक्सपाशी मोजलेला आकडा या कामाचा नाही.

जोडणी सोपी आहे. बॉक्सचा धन ध्रुव रिलेच्या कॉमनला, रिलेचे एनसी (एरवी जोडलेले राहणारे) टोक आपत्कालीन बटणामधून कुलपाच्या धनाला आणि कुलपाचा ऋण परत बॉक्सला. चुंबकी कुलपाला एनसीच वापरावे, म्हणजे नेहमी प्रवाह चालू राहतो आणि कार्ड दाखवल्यावर काही सेकंद तुटतो. हा वेळ लॉबीला पाच सेकंद ठेवावा. हातात पिशव्या असलेल्या माणसाला तीन कमी पडतात. प्रवाह तुटताना वेटोळ्यात उलटा दाब उठतो आणि रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते. तो दाब शोषायला चांगल्या कुलपांत एमओव्ही नावाचा घटक असतो. नसेल तर कुलपाच्या दोन टोकांवर १एन४००७ हा डायोड उलटा लावावा, त्याचा चंदेरी पट्टा धन टोकाकडे. एक-दोन रुपयांचा हा डायोड नसला की काही महिन्यांत रिलेचे संपर्क वितळून चिकटतात. मग कार्ड दाखवा, बटण दाबा, दार बंदच.

आपत्कालीन बटण का लागते, ते यातून लक्षात येते. आत लावलेले नेहमीचे एक्झिट बटण किंवा हात दाखवून चालणारा सेन्सर नियंत्रकाला फक्त संदेश देतो. नियंत्रक अडकला किंवा रिले चिकटला की तो संदेश वाया जातो. हिरवे आपत्कालीन बटण कुलपाची वायरच तोडते, मधे कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स नसते. त्याची जागा मात्र अचूक हवी. काही ठिकाणी ते बॉक्सच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला जोडतात. तिथे वीज तुटली तरी बॅटरी कुलूप धरूनच ठेवते आणि दार उघडत नाही. मीटरपाशी धावत जाऊन मेन स्विच पाडणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. बटण बॅटरीनंतर, बॉक्स आणि कुलूप यांच्या मधोमध असले पाहिजे. ते दाराशेजारीच, मीटरभर उंचीवर लावावे, म्हणजे लहान मुलांचा, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा हात पोचतो. इमारतीत आगीची घंटा असेल तर तिच्या पॅनेलचा रिलेही याच वाटेत ओवावा. घंटा वाजली की दार आपोआप सुटते.

ही सोय ऐच्छिक नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागानुसार बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाला १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली; बंद दार आणि जादा खुर्च्यांनी अडलेली वाट यांमुळे बाल्कनीतल्या प्रेक्षकांना वेळेत बाहेर पडता आले नव्हते. जिन्याच्या, गच्चीच्या किंवा सामायिक लॉबीच्या दाराला कुलूप लावण्याआधी संस्थेने आपल्या परवानाधारक अग्निसुरक्षा एजन्सीला ते दाखवावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारी आणि जुलैत 'ब' नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. कुलूप त्या तपासणीत बसले पाहिजे.

बसवणीची सुरुवात कुलपापासून नाही, दारापासून होते. बिजागऱ्या ढिल्या असतील, झडप लटकली असेल, पावसाळ्यात लाकूड फुगून चौकटीला घासत असेल तर आधी सुताराला बोलवावे. चुंबक दाराला ओढून आणत नाही. दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी त्याची पकड नाहीशी होते. म्हणून हायड्रॉलिक क्लोजर किंवा काचेच्या दाराला फ्लोअर स्प्रिंग लागतेच. क्लोजरचा शेवटचा टप्पा असा लावावा की दार प्रत्येक वेळी न आपटता पूर्ण टेकेल. मग दार बंद करून खोक्यातले कागदी टेम्प्लेट चौकटीच्या आणि झडपेच्या कोपऱ्यावर दुमडून चिकटवावे आणि त्यावरून भोके पाडावीत. अंदाजाने पाडलेले भोक नंतर हलवता येत नाही. पोकळ ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये बोल्ट आवळताना सेक्शन चेपतो. आत नळीचा तुकडा किंवा धातूची पट्टी घालावी.

सगळ्यांत नाजूक काम आर्मेचर प्लेटचे. ती मधल्या एका बोल्टवर लटकते. बोल्टाखाली रबराचे वॉशर असते आणि दोन बाजूंच्या पिना प्लेट गोल फिरू नये एवढ्यापुरत्याच असतात. बोल्ट गच्च आवळण्याचा मोह होतो, कारण हलणारी प्लेट कच्च्या कामासारखी दिसते. पण प्लेट किंचित डुलली पाहिजे. रबर दबून ती चुंबकाच्या तोंडाशी स्वतः समांतर होते आणि पूर्ण पृष्ठभाग टेकतो. आवळलेली प्लेट एका कडेला टेकते, दुसऱ्या कडेला केसाएवढी फट राहते आणि २८० किलोचे कुलूप खांद्याच्या धक्क्याने उघडते. तपासणी सोपी आहे. वहीच्या कागदाची पट्टी प्लेट आणि चुंबकाच्या मधे ठेवून कुलूप चालू करावे आणि कागद ओढावा. चारही कोपऱ्यांवर तो घट्ट धरला गेला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात सुळकन निघाला तर बोल्ट थोडा सैल करावा. दार बंद होतानाचा खट्ट आवाज नको म्हणून काही जण प्लेटवर चिकटपट्टी किंवा फोम लावतात. त्याने पकड खलास होते. आवाज क्लोजर लावून कमी करायचा असतो.

प्रवाह तुटल्यावरही प्लेट क्षणभर चिकटून राहते, असे कधी कधी दिसते. पोलादात उरलेले चुंबकत्व हे त्याचे कारण. ते तोडण्यासाठी प्लेटमध्ये एक छोटे स्प्रिंगचे किंवा रबराचे बटण असते. ते झिजले तर बदलावे. 'मधे येते' म्हणून ते काढून टाकू नये.

काम ताब्यात घेताना हे सर्व समोर करून दाखवायला लावावे. कार्डाने दार उघडावे, आतल्या बटणाने उघडावे, हिरव्या बटणाने ताबडतोब सुटावे. मग मुख्य वीज बंद करून बॅटरीवर तासभर ठेवावे आणि पुन्हा ओढून पाहावे. जोडणीचा हाताने काढलेला नकाशा बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवून घ्यावा; दोन वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस बहुधा दुसराच असतो.

पुढची देखभाल थोडकी. चुंबकाचे तोंड आणि प्लेट महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावे. किनारपट्टीवर आणि पावसाळ्यात गंजाचा तांबूस थर धरतो. तो बारीक धाग्याच्या पॅडने हलकेच काढावा, पण पॉलिश पेपरने घासू नये, पृष्ठभाग ओबडधोबड होतो. ग्रीस, तेल, रंग यांपैकी काही लावू नये. पुसण्याच्या दिवशीच हिरवे बटणही दाबून पाहावे. क्लोजरमधून तेल गळते का, प्लेटचा बोल्ट ढिला झाला का, हेही तेव्हाच कळते. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवावी आणि दोन-तीन वर्षांनी, ती फुगण्याची वाट न पाहता बदलावी. जुन्या बॅटरीत शिसे असते, म्हणून ती भंगारात न देता नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी.